सगुणाकाकूंची घागर

"कट! ही घागर आहे की आरसा?" कॅमेरामन खेकसला.

बोलपट नवेनवे निघाले होते, तेव्हाची गोष्ट. आमच्या कंपनीचं शूटिंग नाशकात चालू होतं. मी प्रॉपर्टी सांभाळायचो, म्हणजे सीनला लागणारं सामान जमवायचो.

डायरेक्टरसाहेब माझ्याकडे वळले. "घर वर्षानुवर्षं बंद आहे, आणि घागर रुखवतातून उचलल्यासारखी! उद्यापर्यंत जुनी करा."

रुखवतातलीच होती ती. माझ्या घरमालकीण सगुणाकाकूंना निफाडच्या माहेराहून मिळालेली. गळ्याखाली ठसठशीत 'सौ. सगुणा' कोरलेलं. काकू रोज चिंच-राखेने ती घासायच्या. घाटावर बायका म्हणत, घागर बघावी तर सगुणाची. काकूंचा सगळा तोरा त्या घागरीत होता.

"काकू, घागर जरा मळवावी लागेल."

"मळवा हो. पण नेली तशी परत आणा. आणि पडद्यावर ओळखू येईल ना?"

"नाव आहे की वर!" मी हसत म्हणालो.

पितळ जुनं करणं अवघड नाही. तेलकटपणा राखेने काढायचा. मग परसात वाटीत नवसागर आणि चुना ओला करून ठेवायचा, शेजारी भांडं, आणि वर मोठं घंगाळ उपडं. डोळ्यांना झोंबणारी वाफ सुटते, तिने पितळ काळपटतं. एवढ्यावर ते नुसतं घाणेरडं दिसतं. जुनेपणा खरा वाटावा म्हणून वरचा भाग हलका पुसायचा आणि खोलगट जागी काळेपणा राहू द्यायचा. मी मन लावून पुसलं. अक्षरं तेवढी काळीकुट्ट राहिली.

साहेब खूश! "वा! कॅमेरा आधी घागरीवरच लावा."

शूटिंग संपल्यावर मी घागर चिंचेने लखलखीत करून परत दिली. काकू म्हणाल्या, "शब्दाचे पक्के हो तुम्ही."

पुढे बोलपट नाशकात लागला. काकू गल्लीतल्या झाडून साऱ्या बायकांना घेऊन आल्या. मीही मागे बसलो होतो. पडद्यावर कोळिष्टकं आली, आणि मग पडदाभर ती घागर. कळकट, डागाळलेली. पुढच्या बाकावरून कुणीतरी मोठ्याने वाचलं, "सौ. सगुणा!" थिएटर खदाखदा हसलं.

शेजारीण म्हणाली, "अगंबाई सगुणे, ही तुझी घागर?"

काकूंनी पदर तोंडाला लावला.

सकाळी माफी मागायला गेलो. काकू परसात विटकरीच्या तुकड्याने घागर घासत होत्या.

"काकू, ती स्वच्छच आहे हो. सगळ्यांना सांगतो मी, ते रंगकाम होतं."

"कुणाकुणाला सांगाल? पडद्यावर सगळ्या गावानं पाहिलंय."

जवळ गेलो तेव्हा कळलं. बाकीच्या घागरीला त्यांनी हातच लावला नव्हता. त्या नाव घासत होत्या. 'सौ.' पार गेलं होतं.

मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं. त्यानंतर मी नाव घातलेलं भांडं कधी शूटिंगला नेलं नाही. बाजारातून कोरं आणतो आणि हवं तेवढं काळं करतो.