गवराबाईंनी घेतलेलं नाव

मी मुळात तापट माणूस. गवराबाईंवर मी एकदाच आवाज चढवला, आणि त्याची लाज अजून गेलेली नाही.

सन छप्पन्नची गोष्ट. चाकणपासून दोन कोसांवरच्या गावात मी शाळामास्तर होतो. तिथं गवराबाई नसत्या तर निम्म्या घरांचं पान हललं नसतं. दर शनिवारी त्या पायी चाकणच्या बाजाराला जायच्या आणि गावभराची कामं करून यायच्या. कुणाचं खोकल्याचं औषध, कुणाच्या विळ्याला धार, कुणाच्या सासरी गेलेल्या लेकीला निरोप. अक्षरओळख नव्हती, पण वीस घरांची कामं तोंडपाठ. एक चुकेल तर शपथ. कपाळावर कुंकू असायचं. नवरा त्रेचाळीस साली फौजेत भरती होऊन ब्रह्मदेशाकडे लढाईला गेलेला. त्यानंतर ना पत्र आलं, ना सरकारी कागद. भावकी म्हणायची, बारा वर्षं उलटली, आता दर्भाचा पुतळा करून दहन उरकून घ्या. बाई ऐकून घ्यायच्या आणि कामाला लागायच्या.

त्या वर्षी वरून हुकूम आला, मास्तरांनी आपापल्या गावाचा इतिहास लिहून पाठवावा. मी पडलो परगावचा. शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी गवराबाईंना परतीच्या वाटेवर गाठायचो. कुठला बांध कुणी घातला, कुठलं देऊळ कुणाच्या नवसाचं, सगळं त्या चालता चालता सांगायच्या आणि मी वहीत उतरवायचो.

चावडीमागच्या विहिरीपाशी मात्र गाडी अडली. "ही आमच्या घरच्यांनी खनली," त्या म्हणाल्या. "काळा पाषाण लागला तशी समदी सोडून ग्येली. ह्ये एकलं दोन उन्हाळं खनत व्हतं."

"म्हणजे तुमच्या मालकांनी? नाव काय त्यांचं?"

बाई नाव घेईनात. नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, अशी तिकडे समजूत. ती मला ठाऊक होती, तरी माझं डोकं सटकलं. "अहो, माणूस कधीच गेला. आता नावानं काय बिघडणार आहे?" पाणी भरणाऱ्या बायांसमोर मी ओरडलो.

त्यांनी डोक्यावरची पाटी सावरली. "कोन म्हनलं ग्येलं?" एवढंच बोलल्या आणि चालू लागल्या.

पुढे मी आळस केला. पाटील मालोजीरावांना विचारलं. ते म्हणाले, विहीर आमच्या वडलांनी खणली. भोवतीच्या चार माना हलल्या. पाटलापुढे कोण तोंड उघडणार? मी लिहून टाकलं.

वही पाठवण्याआधी चावडीत वाचून दाखवायची होती. चूक असेल तर तिथंच सांगायची, नंतर बदल नाही. बाया भिंतीकडेला बसल्या होत्या. विहिरीचं वाक्य वाचलं आणि गवराबाई उठून उभ्या राहिल्या.

"गुर्जी, त्ये खोटं हाय."

मालोजीराव हसले. "मग कुनी खनली? सांग की."

बाईंना मी कुठल्या कोपऱ्यात नेऊन उभं केलंय, ते मला तेव्हा कळलं. नाव घेतलं नाही तर विहीर दुसऱ्याची होणार. घेतलं तर माणूस गेला हे आपल्याच तोंडानं कबूल केल्यासारखं, वाट बघणं संपणार. ज्यांना नाव ठाऊक होतं ते सगळे बाप्ये जमिनीकडे बघत बसले. मला त्यांची चीड आली, आणि त्यांच्याहून जास्त माझी स्वतःची.

गवराबाईंनी पदर पुढे ओढला. "गेनबा," त्या म्हणाल्या. "गेनबा भैरू मुंगसे."

मी पाटलाच्या वडलांचं नाव खोडलं, वर गेनबाचं लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं. मालोजीरावांनी मान फिरवली. आता त्या खाली बसतील असं मला वाटलं.

"लिवलं?"

"लिहिलं, मावशी."

"मंग त्याच्याखाली लिवा, लढाईला ग्येले, त्ये तिकडंच वारले."

एवढं लिहायची गरज नाही, असं काहीतरी मी पुटपुटलो.

"म्या नाव घ्येतलं न्हवं का?" त्या म्हणाल्या. "आता लिवा."

मी लिहीपर्यंत त्या उभ्याच होत्या.