नगरच्या कचेरीत नवऱ्याचं नाव

निघायच्या वेळी एस्तेर तव्यावरची शेवटची भाकरी उलटत होती आणि मी दारात उभी राहून तिच्यावर ओरडत होते. तिसगावहून सुटणारी नगरची मोटार कोणासाठी थांबत नाही, आणि आमच्या वाडीपासून तिसगाव पायी बरंच लांब पडतं.

एस्तेर माझी सून. ब्रह्मदेशातली. तिकडे करेन म्हणून एक जमात आहे, त्यातली, आमच्यासारखीच ख्रिस्ती. जपानी आले तेव्हा बाप आणि भावाबरोबर रान तुडवत आसामकडे निघाली. ती पोचली, ते दोघे वाटेत मागे राहिले ते राहिलेच. माझा मुलगा यशवंत तिथे लष्कराची लॉरी चालवत होता. त्याने तिला घरी आणली आणि पाळकसाहेबांनी आमच्या गावच्या ख्रिस्ती देवळात लग्न लावलं. गावाने काही दिवस तोंडं वाकडी केली. बाजरीची कणसं खुडताना ती सगळ्यांच्या पुढे निघते हे दिसल्यावर तोंडं सरळ झाली.

मग इंग्रज गेला. इथून गेला तसा ब्रह्मदेशातूनही गेला. आम्हाला वाटलं, गेला तर गेला. तर एके सकाळी पोलीस पाटील दारात.

"मावशी, तुमची सून आता परमुलखातली झाली. नगरला पोलिसांच्या कचेरीत नेऊन हजर करा. लगीन झाल्यालं सायबाला पटलं तर ऱ्हाईल. न्हाई पटलं तर माघारी धाडतील."

"चूल तीच, जातं तेच. परमुलखातली कवा झाली?"

"मला काय इचारता? वरून आलंय."

यशवंत घरी असता तर त्यानेच नेलं असतं. पण त्याची लॉरी उलटली होती आणि तो पुण्याच्या लष्करी दवाखान्यात पडून होता. पाय ठेवायचा की कापायचा हे डॉक्टरांचं ठरत नव्हतं. ताप उतरत नव्हता. तेव्हा मीच निघाले. मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले आहे, पाटी वाचता येते, माणसाला जाब विचारता येतो. एवढ्यावर नगर गाठता येतं.

तिसगावच्या नाक्यावर पोलीस बसला होता. त्या उन्हाळ्यात निजामाच्या हद्दीकडे गडबड चालू होती, म्हणून नवं तोंड दिसलं की हटकायचे. एस्तेरचं तोंड तर नवंच.

"ही कोन?"

"सून."

"कुठली?"

"घरची."

"तसं न्हवं म्हातारे. मुलूख कंचा?"

मी सांगितला. त्याने दोनदा विचारला, मी दोनदा सांगितला.

"आन् तुमचं म्हायेर?"

"आष्टीकडं."

"म्हंजी निजामाच्या हद्दीतलं!"

"व्हय. लगीन होऊन बैलगाडीतून हिकडं आले तवा वाटंत लई उलट्या झाल्या. तेवढीच चौकशी झाली हुती."

मागे उभे असलेले लोक हसले. पोलीसही हसला आणि त्याने सोडलं. एस्तेर हसली नाही. पाळकसाहेबांचा लग्नाचा दाखला तिने कापडात गुंडाळून पोटाशी धरला होता, तो एका हातातून दुसऱ्या हातात करत राहिली.

मोटार कोळशाच्या वायूवर चालणारी. मागे भट्टी, आत धूर. बसायला जागा मिळाली ती भट्टीकडची. शेजारी कोंबड्यांची पाटी मांडीवर घेतलेली एक जाडजूड बाई होती. तिला गप्प बसणं ठाऊक नव्हतं. कारंजीपर्यंत तिने मला माझं वय, पोरं आणि दातांचं दुखणं विचारून घेतलं. मग ती एस्तेरकडे वळली.

"मालकाचं नाव काय गं तुझ्या?"

एस्तेरने पदर पुढे ओढला. "ह्यांचा ल्योक," एवढंच म्हणाली आणि माझ्याकडे बोट केलं.

"अगं बया! दिसती परमुलखातली, पन वळन बगा," ती बाई मला म्हणाली. "आमच्या पोरी घडाघडा नावं घेत्यात नवऱ्याची."

मी मान डोलावली. बायकोने नवऱ्याचं नाव उच्चारलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे मी एस्तेरला भाकरी थापण्याच्याही आधी शिकवलं होतं. पाळकसाहेब म्हणतात, ह्यात काही अर्थ नाही, देवाच्या पुस्तकात असं कुठे लिहिलेलं नाही. पण त्यांची बायकोही त्यांना 'अहो' म्हणूनच हाक मारते.

कारंजीच्या घाटात मोटार बंद पडली. ड्रायव्हरने भट्टीत सळई घालून ढवळलं, कोळसा टाकला, शिव्या दिल्या. शेवटी सगळ्यांना उतरून ढकलायला लावलं. पुरुष आधी बिड्या पेटवायला लागले. एस्तेर सरळ मागे जाऊन खांदा लावून उभी राहिली.

"वहिनी, तुमी ऱ्हाऊ द्या," ड्रायव्हर म्हणाला.

"मंग ह्यास्नी सांगा," ती म्हणाली. बिड्या विझल्या.

घाटाच्या वर आल्यावर खाली नुसते बोडके डोंगर, करपलेलं गवत, मधेच एखादं लिंबाचं झाड. एस्तेरचं लक्ष त्यात नव्हतं. तिला मी विचारलं, तुमच्याकडचे डोंगर असेच का? म्हणाली, हिरवे. चांदबिबीचा महाल डोंगरावर दिसायला लागला, लोक म्हणाले आलं नगर, आणि तिने पुन्हा दाखला चाचपला. मला तिच्या चाचपण्याचा राग येत होता. मीही मनात तोच दाखला चाचपत होते, म्हणून जास्त.

कचेरीत बाकड्यावर बसवलं. शिपाई सांगायचा, आता बोलावतील. ऊन बाकड्यावर आलं, आम्ही सरकलो. पुन्हा आलं, पुन्हा सरकलो. शेवटी बाकडं संपलं.

साहेब तरुण होते, पुण्याकडचे असावेत. बोलणं स्वच्छ, चेहऱ्यावर काही नाही. आधी मला आत घेतलं. मुलाचं नाव, हुद्दा, लग्न कुठे, कोणी लावलं, जेवायला काय केलं होतं. मी सांगितलं, लापशी आणि शेंगुळं (हुलग्याच्या पिठाच्या वळ्या, रश्शात शिजवलेल्या). चष्मेवाला कारकून लिहीत होता. मग मला बाहेर काढून एस्तेरला आत घेतलं. मला पडद्याबाहेरून ऐकू येत होतं.

"नवऱ्याचं नाव?"

काही नाही.

"बाई, नवऱ्याचं नाव सांगा."

काही नाही.

"मराठी कळतं ना?"

"व्हय."

"मग नाव?"

मी पडदा सारून आत गेले. कोणी बोलावलं नव्हतं.

साहेब म्हणाले, "हिला नवऱ्याचं नावच माहीत नाही."

"म्हाईत नसाया काय झालं?"

"मग सांगत का नाही?"

"नवऱ्याचं नाव कसं घेईल? तुमची घेते का?"

कारकून खोकला. साहेबांचे कान लाल झाले, पण आवाज चढला नाही. "माझी नाही घेत," ते म्हणाले. "पण तिला कोणी परत पाठवत नाही. हे बघा आजी, दाखले काय, कोणीही आणतो. कालच एकाने आणला होता, खोटा निघाला. हिच्या तोंडून नाव आलं पाहिजे. तीन वाजता पुन्हा बोलावतो. तेव्हाही गप्प राहिली तर मला लग्न पटलं नाही असंच लिहावं लागेल."

बाहेर लिंबाखाली बसलो. भाकरी सोडली, ठेचा सोडला. एस्तेरने घासाला हात लावला नाही.

"आत जायचं आन् नाव सांगायचं," मी म्हणाले.

"न्हाई."

"मी शिकवलं, मीच सांगते. घे."

"आई, रानातून आलो तवा वाटंत छावन्या हुत्या. परत्येक छावनीत इचारलं, बापाचं नाव सांग, भावाचं नाव सांग, हुडकून देतो. मी सांगितलं. समद्या कचेऱ्यांत सांगितलं. कुनी आलं न्हाई." ती जमिनीवरची काडी मोडत होती. "आन् आता त्यांचा पाय तसा, ताप तसा. मी न्हाई घेनार."

"मग जा ब्रह्मदेशात."

"जाते."

ती रागाने बोलली असती तर मी दोन शब्द जास्त बोलले असते. ती पाण्याला निघाल्यासारखी म्हणाली. मी उठले, दोन फेऱ्या घातल्या, पुन्हा बसले. सून सांगितलेलं ऐकत नाही म्हणून बायका रडतात. माझी सून सांगितलेलं सोडत नव्हती, आणि आत घड्याळ चालू होतं. यशवंत पाय घेऊन घरी येईल की पाय टाकून, पण येईल तेव्हा त्याला काय सांगू? तुझ्या आयुष्यासाठी बायको गेली म्हणून?

तेवढ्यात समोरच्या रस्त्याने कोंबडीवाली आली. पाटी रिकामी, तोंड चालूच. आम्हाला पाहून तिथेच फतकल मारून बसली. काय झालं ते तिने आपणच काढून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"अवो आत्याबाई, येवढं वय झालं तुमचं! उखान्यात घेतलं तर कुठं दोष लागतोय? लग्नात समद्या घेत्यात, कुनाचा नवरा मेलाय?"

खरं होतं. रागात मला सुचलं नव्हतं. त्यात एस्तेरच्या लग्नात तिला मराठीचे दोनच शब्द येत होते, म्हणून बायकांनी तिचा उखाणा (नवऱ्याचं नाव गुंफलेल्या दोन ओळी) सोडून दिला होता. तो राहिलाच होता.

एस्तेरने काडी टाकली. "उखान्यात घेतलं तर आयुष्य कमी न्हाई हुत?"

"वाढतं," मी म्हणाले.

हे मी तिथल्या तिथे ठरवलं.

"खरं?"

"म्हनून तर लग्नात घ्यायला लावत्यात. न्हाईतर कशाला?"

कोंबडीवाली माझ्याकडे बघत राहिली, पण जन्मात एकदा गप्प बसली. मी एक-दोन जुने उखाणे सांगू लागले. एस्तेर म्हणाली, नको, दुसऱ्याचा नको. ओठ हलवत बसली. मी आपली भाकरी खाल्ली, कारण माझं तरी पोट भरलेलं असायला हवं होतं.

आत गेलो. साहेबांनी लेखणी उचलली. "नवऱ्याचं नाव?"

एस्तेरने डोक्यावरचा पदर नीट केला. साहेबांनी लेखणी ठेवायला हात खाली नेला, तेव्हा ती एका दमात म्हणाली:

"रान तुडवलं, डोंगर तुडवला, आले नगर जिल्ह्यात,
यशवंतरावांचं नाव घेते सायबाच्या किल्ल्यात!"

दारातला शिपाई मोठ्याने हसला. कारकुनाच्या तोंडून "वा" निघून गेलं आणि त्याने घाईने मान कागदात घातली. साहेब तसेच बसले होते.

"किल्ला पलीकडे आहे," ते म्हणाले. "ही कचेरी." मग कारकुनाला, "लिहा. पत्नी असल्याचं पटलं."

मी हात जोडायच्या आत त्यांनी पुढचं सांगितलं. राहायला एक वर्षाची मुभा. दर वर्षी येऊन हजर व्हायचं. पुढे कायदा होईल तेव्हा बघू. म्हणजे सुटलो, पण दावं गळ्यातच. मी विचारलं, घरात राहायला दरसाल विचारायचं का? साहेब म्हणाले, "मलाही वरून येतं, आजी." आमचा पोलीस पाटील हेच म्हणाला होता. वर कोण बसतं ते मला अजून कळलेलं नाही.

परतीच्या मोटारीत एस्तेर खिडकीशी बसली. घाट उतरेपर्यंत तिची चुळबुळ थांबेना.

"आई, खरंच वाढतं?"

"मी त्याचं नाव दिवसातून धा वेळा घेते. निम्म्या वेळा शिव्या घालून. मेला का तो?"

"तुमी आई हाय."

"मग गप बस आन् भाकर खा."

तिने खाल्ली. वाळून कडक झाली होती, तरी सगळी खाल्ली.

तिसगावच्या नाक्यावर तोच पोलीस होता. "पटलं का सायबाला?"

"एक वर्सापुरतं."

पुण्याहून निरोप आला तो पाऊस सुरू झाल्यावर. पाय राहिला, वाकडा राहिला. यशवंत आता काठी टेकत बांधापर्यंत जातो. एस्तेर म्हणते उखाण्याने झालं, यशवंत म्हणतो औषधाने. मी त्या भांडणात पडत नाही. मी जे तिथल्या तिथे ठरवलं त्यावर तिने इतका विश्वास ठेवलाय की आता माझाही बसायला लागलाय.

त्यानंतर निजामाचं राज्यही गेलं. नाक्यावरचा पोलीस बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, "म्हातारे, आता तुमचं म्हायेर पन हिकडंच आलं."

"माझं म्हायेर हुतं तिथंच हाय," मी म्हणाले. "तुमच्याच हद्दी फिरत्यात."

मीही नवऱ्यामागे एका राजाच्या मुलखातून दुसऱ्याच्या मुलखात आले. एस्तेरही तशीच आली, फक्त पुष्कळ चालून. दोघी एकाच चुलीपाशी बसतो. मला कोणी कागद मागितला नाही आणि तिला दरसाल मागणार. ह्यात न्याय काय असेल तो असो. मला एवढंच कळतं की वर्ष संपत आलं तशी ती रात्री नीट झोपत नाही, दाखला काढून बघते, पुन्हा गुंडाळते.

आज ते वर्ष भरलं. यशवंत येतो म्हणाला. मी म्हणाले, तुझी काठी आणि त्या मोटारीची भट्टी मला एकाच वेळी सांभाळता येणार नाही. ह्या वर्षीचा उखाणा एस्तेरने मला ऐकवलेला नाही. म्हणते, आधी सायबाला. हे लिहिते आहे तेवढ्यात तिने पुन्हा एक भाकरी तव्यावर टाकली आहे, आणि मोटार कोणासाठी थांबत नाही.