सहीचा रकाना

आठवीत शाळा सुटलेल्या मुलीला कुणी सिस्टर म्हणेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. आमचं गाव नांदेडकडं. नव्वदीच्या सुरुवातीला थोरल्या बहिणीचा संसार रोह्याला होता, मेहुणे कंपनीत शिफ्टला जायचे. तिनं मला बाळंतपणाला मदत म्हणून आणलं, आणि मग ओळखीनं पेणला, रामवाडीजवळच्या लहान मुलांच्या दवाखान्यात लावून दिलं. मागच्या खोलीत चार खाटा. कुणी मुंबईहून कॅन्सरची औषधं घेऊन आलेलं, डोक्यावर केस नसलेलं. कुणाच्या अंगात रक्तच टिकत नाही म्हणून दर तीन आठवड्यांनी रक्त घ्यायला येणारं. पहिले पंधरा दिवस मी एसटीत बसून एकच मागायची, की आज कुणी आपल्याला इंग्रजी वाचायला सांगू नये.

वाचायला शिकवलं मोठ्या सिस्टरनी. पिशवीवरचा रक्तगट कागदाशी कसा जुळवायचा, मनगटावरची शीर कशी चाचपायची, चाचपताना मुलाला त्याच्या घरच्या वासराबद्दल कसं विचारत राहायचं. स्वतःच्या डब्यातली वालाची भाजी त्या अर्धी मला द्यायच्या. आईनंतर मला कुणी एवढं जवळ घेतलं नव्हतं. दोन महिन्यांनी त्यांनी रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं.

"आता तू सही करायची. घाबरतेस काय? कागद चावतोय?"

फ्रीजमधली रक्ताची पिशवी चढवण्याआधी अर्धा तास नुसती बाहेर ठेवायची असते. ती ठेवली का, कुणी ठेवली, असा एक रकाना होता. तिथं माझी सही. आमच्या घरात माझ्या दाखल्यावरसुद्धा बापाचा अंगठा होता. मी वहीच्या मागच्या पानावर सही गिरवून गिरवून बसवली. त्या चार खाटांपाशी राहायला मिळावं, एवढंच मला तेव्हा हवं होतं.

गडब गावची एक सात वर्षांची मुलगी रक्ताला यायची. माझा हात धरल्याशिवाय सुई टोचू द्यायची नाही. संक्रांत होऊन आठवडा झाला होता. त्या दुपारी पिशवी उशिरा आली, आणि मोठ्या सिस्टरना जिते गावी नणंदेच्या हळदीकुंकवाला जायचं होतं. साडी बदलून तयार होत्या. सुया उकळायच्या भांड्यातलं पाणी अजून कढत होतं. त्यांनी पिशवी सरळ त्यात सोडली.

"बाई, डॉक्टर म्हणतात गरम पाण्यात नाही ठेवायची, रक्त नासतं."

"डॉक्टर म्हणतात! किती पोरांना रक्त चढवलंय मी, ठाऊक हाय? गार रक्तानं पोर कुडकुडेल ती कुडकुडेल, वर माझी गाडी चुकेल. सही टाक. अर्धा तास लिही."

मुलीची आई स्टुलावर बसून सगळं बघत होती. मी सही टाकली. हे मी लपवत नाही.

सिस्टर गेल्या आणि थोड्याच वेळात मुलगी थंडीनं थडथड उडायला लागली. पाठ दुखते म्हणाली. लघवी झाली ती कोकमाच्या आगळासारखी. मी नळीची चावी बंद केली आणि अनवाणी डॉक्टरांकडं पळाले. पुढचे दोन दिवस त्यांनी तिला कसं सांभाळलं, ते मी दारातून बघितलं. ती वाचली.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रजिस्टर उघडलं. "सही कुणाची?"

मी तोंड उघडायच्या आत मोठ्या सिस्टरनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "पोरीनं घाई केली असंल, डॉक्टर. शिकलेली नाय हो, पण मनानं चांगली हाय. माझ्याकडं बघून या वेळी माफ करा."

डॉक्टरांनी मुलीच्या आईला विचारलं, "तुम्ही होतात ना इथं?"

ती मुलीच्या रिबिनीची गाठ सोडत होती. "मी पाण्याला गेलते," म्हणाली.

नोकरी राहिली. चादरी आणि भांडी धुवायची, खाटांना हात लावायचा नाही. बाहेर पॅसेजमध्ये मोठ्या सिस्टर मला म्हणाल्या, "बघ, वाचवली तुला." आणि मी म्हणाले, "उपकार झाले, बाई." कुणी म्हणायला लावलं नव्हतं. माझ्याच तोंडातून आलं ते. आजही त्यांच्यापेक्षा त्या तीन शब्दांचा मला जास्त राग येतो.

तीन आठवड्यांनी गडबच्या मुलीची आई मागच्या नळावर आली. मी चादर पिळत होते.

"राग धरू नको गो, बाय."

"तुम्ही बघितलं होतं."

"व्हय. बघितलं."

"मग?"

"पोरीची शीर मोठ्या सिस्टरनाच सापडते. दर खेपेला पोर त्यांच्याच हातात द्यायची हाय मला. तू काय, आज हायस, उद्या जाशील तुझ्या मुलखात."

तिची अडचण मला दिसत होती, आणि तरी तिला पाणी द्यावंसंही वाटलं नाही.

आतून मुलगी ओरडली, "आये, ती सिस्टर कुठं हाय? तिला बोलव. तिचा हात पायजे."

बाईनं माझ्याकडं बघितलं. मग पदर सावरत दाराकडं वळली आणि मोठ्यानं म्हणाली, "ती गेली गो, तिच्या गावाला."

मी नळ बारीक केला. पाण्याच्या आवाजानं मुलीला कळलं असतं, की कुणीतरी आहे.