सासऱ्यांचं घोरणं

आमची धाकटी पहिलीत असताना घोरायची. घोरायची म्हणजे काय, तीर्थपुरीच्या आमच्या घरात दुपारी कूलर घरघरायचा आणि त्याच्यावर ताण हिचा आवाज. तोंड उघडं, मान मागं टाकलेली, कपाळावर घाम. मला काळजी वाटायची आणि बाकीच्यांना कौतुक.

कारण सासरे असेच घोरायचे. ते गेले आणि वर्षाच्या आत ही जन्मली. सासूबाईंना, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, तेवढं पुरलं. "म्हातारं परत आलंय, फक्त झगा घालून," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. पोरगी घोरायला लागली की पदर नीट करून बसत. पाव्हण्यांना चहाच्या आधी तिचं घोरणं ऐकवलं जाई. मी चिडले की म्हणत, "आमच्यात घोरतेतच. तुझ्या माहेरी श्वास तरी घेतेत का न्हाई, कुणाला ठावं."

माझं डोकं फिरलं. मी पोरीला जालन्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं नेलं. एक्स-रे बघून ते म्हणाले, नाकाच्या मागं गाठ वाढलीय, हवेची वाटच अडलीय. झोपेत श्वास थांबतो का ते बघायचंय, व्हिडिओ काढून पाठवा. बहुतेक ऑपरेशन लागेल.

ऑपरेशन म्हटल्यावर आत्याबाईंनी ताट सरकवलं. "घोरणं काढून टाकता? मंग त्यांचं घरात राह्यलं काय?" आमचे हे साखर कारखान्यात अख्ख्या शिफ्टवर ओरडतात, पण आईसमोर आवाज फुटत न्हाई. ते भाकरी कुस्करत बसले.

व्हिडिओ मी काढला. ह्यांनी तो डॉक्टरांना पाठवायचा, तर पाठवला भावकीच्या ग्रुपवर. झालं. सगळ्यांनी हात जोडले. कुंभार पिंपळगावच्या नणंदेनं लिहिलं, "बिलकुल बाबांचा आवाज, रडूच आलं." रडू मला पण आलं, रागानं.

"मला बी दाव," आत्याबाई म्हणाल्या. मी फोन त्यांच्या मांडीवर ठेवला. त्या डोळे मिटून, मान डोलवत ऐकायला लागल्या. घोरणं चांगलं चढलं आणि मधीच बंद. नुसता कूलर वाजत राहिला. आत्याबाईंनी डोळे उघडले. पोरीची छाती धडपडत होती, पण श्वास काही आत जात नव्हता. त्यांनी फोनलाच कोपर मारलं. फोन खाली पडला आणि तिथून पोरीनं मोठा श्वास ओढल्याचा आवाज आला.

मला हसू फुटणार होतं. पण त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि हसू जिरलं.

"त्यांचं बी असंच थांबायचं," त्या म्हणाल्या. "मी कोपर मारायची, मंग परत सुरू व्हायचं. त्या दुपारी मी कापूस वेचाया गेल्ते."

त्यांनी फोन उचलून माझ्या हातात दिला. "जल्दी काढून टाक ते."

ऑपरेशन झालं. आता धाकटी तोंड मिटून, शांत झोपते. सगळं बराबर आहे असं डॉक्टरांनी आत्याबाईंना दोनदा समजावलं, त्यांना पटलेलं न्हाई. दुपारी त्या पोरीला खेटूनच आडव्या होतात आणि जरा सामसूम वाटली की कोपर बसतं.

"आज्जे, झोपू दे की," पोरगी करवादते.

"झोप, झोप," आत्याबाई म्हणतात आणि कोपर तिथंच ठेवतात.