ताटात ठेवलेला लॅपटॉप

भाऊबीजेची ओवाळणी एकदा ताटात पडली की आमच्याकडे ती परत घेत नाहीत, बदलूनही देत नाहीत. अकोल्याच्या धाकट्या बहिणीच्या ताटात मी माझा जुना लॅपटॉप ठेवला, तेव्हा या रीतीचा मला आधारच वाटला होता. आज लिहून टाकतो.

अमरावतीहून निघायच्या चार दिवस आधी मी तो तपासला होता. नवी विंडोज चालते का, एवढंच पाहायचं होतं. बाकी सगळ्यापुढे हिरवी खूण आली, प्रोसेसरपुढे लाल. माझा सातव्या पिढीचा, आणि चालतात आठव्यापासून पुढचे. म्हणून तर मी स्वतःला नवा घेतला.

बहीण घरूनच काम करते. दवाखान्यांचे कागद तपासून कंपनीच्या सिस्टीमवर चढवते. ओवाळून झाल्यावर ताट हातात असतानाच तिनं विचारलं, "दादा, नवी विंडोज घेईन ना हा?"

"घेईन ना. कावून नाही घेणार?"

जवाईबुवा म्हणाले, "पाहा, भाऊ असा असते. आमी तं बहिणीले साडीवरच भागवतो." सगळे हसले. मीही हसलो.

पुढे तिच्या कंपनीचा निरोप आला: एक तारखेपासून जुन्या विंडोजवर काम बंद. तिचा फोन आला. "दादा, दोन दिवसांपासून पाहून राहिली मी. अपडेट येतच नाही. माझंच काही चुकून राहिलं का?"

तिथेच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "रॅम कमी पडत असंन. वाढवून पाय." ती बिचारी भर उन्हात दुकानात जाऊन रॅम टाकून आली. काही झालं नाही.

त्या आठवड्यात रोज सकाळी चहाच्या आधी मी चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी उघडायचो. काल नव्हता तो आज आला असेल, असं वाटायचं. अंगठ्यानं खाली खाली सरकत राहायचो. एक तारीख दोन दिवसांवर आली, तेव्हा माझा नवा लॅपटॉप पिशवीत घातला आणि अकोल्याची गाडी धरली. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, तरी पहिलं वाक्य जुळेना.

ती एकटीच घरी होती. मी पाणीही न पिता सांगितलं.

"भाऊबीजेच्या आंधीच मालूम होतं तुले?"

"हो."

"अन् रॅम?"

"तेही मालूम होतं. त्यानं काही होणार नव्हतं."

ती मग म्हणाली, "जुना दिला असता अन् जुनाच आहे म्हटलं असतं, तरी मी घेतला असता, दादा." मी नवा पुढे सरकवला. तो तिनं घेतला. "परवापासून जुन्यावर काम बंद हाये, म्हणून ठेवते. ओवाळणी नको समजू." जुनाही तिनं माझ्याच पिशवीत घातला.

जवाईबुवांना तिनं काय सांगितलं, मी विचारलं नाही. तिचं काम सुरू आहे. परवा मी कळवलं, उद्या दुपारच्या गाडीनं येतो. पूर्वी एवढ्यावर ती भाकरीचं पीठ काढायची. आता म्हणाली, "गाडीत बसला की फोन कर, मग टाकते भाकरी."