कडूबाईचा गज

चंद्रभानची आधीची तीन लेकरं जगली नव्हती, म्हणून चौथीचं नाव ठेवलं कडू. ती जगली, आणि बापाच्या पाठीशी उभी राहून पिस्तुलं भरायला शिकली.

चंद्रभान पाथरीचा. लग्नात, जत्रेत, दसऱ्याला बार काढणं हे त्याचं काम. ठासणीची दोन पिस्तुलं होती त्याच्याकडं, घोड्याच्या जबड्यात गारगोटी धरणारी, जुन्या घडणीची. एकानं तो बार काढायचा, तोवर दुसरं कडूनं भरून ठेवायचं. तांब्याच्या नळकांड्यानं मोजून दारू नळीत ओतायची, वर चिंधीची गुंडाळी, मग गज घालून ठासायचं. शेवटी घोड्यापुढच्या इवल्याशा वाटीत चिमूटभर बारीक दारू टाकायची आणि झाकण लावायचं.

"हाताला उत्तर आलं पायजे," बाप म्हणायचा. "गज पोकळ वाजला तं आजून ठास. टणकला की थांब. अन् भरायच्या आगुदर रोज गज आत सोडून बघ. नळी रिकामी असली तं गज खोल जातो, भरलेली असली तं चार बोटं वर ऱ्हातो. डोळ्यावर इस्वास ठिवू नको."

कडू बारा वर्षांची होईस्तोवर तिच्या बोटांच्या पेरांत दारूचा काळेपणा मुरला होता. लग्न होऊन ती राणीसावरगावाजवळच्या एका वाडीत सुग्रीवच्या घरी आली, तेव्हा सासूनं ती बोटं राखेनं घासघासून पाहिली.

बाप वारल्यावर पिस्तुलं तिच्याकडं आली. सुग्रीवला त्यांचा लय अभिमान. नेम मात्र त्याला कधी धरता आला नाही. तसा तो कुणालाच फारसा येत नसे. नळी आतून गुळगुळीत, वीस पावलांपुढं गोळी कुठं वळेल याचा भरवसा नव्हता.

अठ्ठेचाळीसचा उन्हाळा धास्तीत गेला. आज या गावात लूट झाली, उद्या त्या, अशा बातम्या रोज यायच्या. वाडीनं वेशीवर राखण बसवली. पिस्तुलं होती म्हणून सुग्रीव पुढं, आणि भरायला दुसऱ्या कुणाला येत नव्हतं म्हणून कडूबाई त्याच्यामागं, दगडी गडग्याच्या आडोशाला.

आषाढातल्या एका दिवशी, दिवस मावळायच्या सुमारास, पंधरा-वीस जणांची टोळी ओढ्यातून वर आली. सुग्रीवनं पहिला बार आभाळात काढला. टोळी थबकली. सगळ्यांत पुढं एक पोरगेला माणूस होता, काठी धरलेला. कडूबाईला त्याचे ओठ थरथरताना दिसले. सुग्रीवनं दुसरं पिस्तूल उचललं, ह्याच्यात गोळी होती. त्यानं त्या माणसाच्या छातीवर रोखून चाप ओढला.

वाटीतली दारू भस्सकन पेटली, धूर झाला. पण बार झालाच नाही. नळीच्या बुडाशी असलेलं बारीक भोक काजळीनं बुजलं असावं.

तोवर वाडीतली माणसं आरडाओरडा करत धावली आणि टोळी आल्या वाटेनं पळाली. त्या गलक्यात कुणाला काय ऐकू आलं असेल! पारावर सुग्रीवनं सांगून टाकलं, "दोन्ही बार काढले. दुसऱ्याला तं एक जन लंगडतच पळाला." माणसांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

कडूबाई दुसरं पिस्तूल पदराखाली घेऊन घराकडं निघाली. घरी आल्यावर तिनं गज घालून पाहिला. चार बोटं वर.

"काढते मी हे," ती म्हणाली.

"ऱ्हाऊ दे," सुग्रीव तिच्याकडं न बघता म्हणाला. "भरलेलं असलेलं बरं."

पिस्तूल आढ्याला टांगलं गेलं. चूल फुंकताना तिची नजर तिकडं जायची. तो थरथरणारा माणूस कुठंतरी जेवत असेल, निजत असेल, असं मनात यायचं. काजळीचा एक कण तिथं नसता तर? गज तर तिनंच ठासला होता. हाताला उत्तर येईपर्यंत.

पुढं निजामाचं राज्य गेलं. दोन वर्षांनी हुकूम आला, बिनपरवान्याची हत्यारं चावडीवर आणून द्या. वाडीतून आणि आजूबाजूच्या वस्त्यांवरून अकरा हत्यारं जमली. एक वयस्कर जमादार घोंगडीवर बसून एकेक हातात घ्यायचा, घोडा ओढून चाप दाबून बघायचा, आणि शेजारचा कारकून "चालू" किंवा "बंद" असं लिहून घ्यायचा.

कडूबाई बायकांच्या घोळक्यात उभी होती. सुग्रीवनं पिस्तुलं पुढं ठेवली. ती वाट पाहत राहिली. आता सांगेल, आता सांगेल. सुग्रीव खाली बघत होता. भरलेलं आहे म्हणावं, तर दुसरा बार झालाच नव्हता हे गावापुढं उघडं पडणार.

जमादारानं पहिलं पिस्तूल पाहिलं. दुसरं उचललं, घोडा मागं ओढला. नळीचं तोंड थेट कारकुनाच्या पोटाकडं होतं.

"थांबा!" कडूबाई पुढं झाली. "भरलेलं हाय त्ये!"

जमादार हसला. "वाटी तं रिकामी हाय, बाई."

"वाटी रिकामी असू दे. गारगोटीची ठिनगी भोकातून आत गेली तं? नळीत गोळी हाय. तीन आखाड झाले."

"तीन आखाड?" चावडीवर बसलेले माणिकराव पाटील म्हणाले. त्यांनी मनाशी हिशेब केला आणि सुग्रीवकडं बघितलं. सुग्रीवचा चेहरा काळाठिक्कर पडला.

कडूबाईनं जमादाराच्या हातून पिस्तूल अलगद घेतलं, घोडा सावकाश उतरवला, नळीचं तोंड मोकळ्या रानाकडं केलं. गज आत सोडून दाखवला. मग बुजलेल्या भोकात थेंबथेंब पाणी सोडत राहिली, काजळी विरघळून आतली दारू भिजेस्तोवर. गजाच्या टोकाला सोबत आणलेला बापाचा मळसूत्री पेच लावला, चिंधीत रुतवून ओढला. शिशाची गोळी घोंगडीवर टपकन पडली, मागून काळा चिखल आला.

जमादारानं टोपी काढून कपाळ पुसलं. "बाकीची बी बघता का, बाई?"

अकरांतली आणखी दोन भरलेली निघाली. एकात तर दारूवर दारू, दोनदा ठासलेली होती.

घरी जाताना सुग्रीव पुढं, ती मागं. बांधाशी तो थांबला.

"त्या दिशी बार झाला न्हाई, हे तू कुनालाच बोलली न्हाईस."

"तुमी बोलताल म्हनून वाट बघत होते."

"मला वाटलं, त्यो पोरगा मरायला पायजे होता." त्यानं बांधावरचं ढेकूळ पायानं फोडलं. "आता वाटतं, बरं झालं मेला न्हाई."

कडूबाईनं त्याचा हात धरला. दिवसाढवळ्या, उघड्या वाटेवर असं तिनं आधी कधी केलं नव्हतं.

चारआठ दिवस पारावर सुग्रीवचं हसू झालं, मग ओसरलं. पुढं रानडुकरांसाठी काहींना परवान्याची ठासणीची बंदूक मिळाली. पावसाळा सरला की दूरदूरची माणसं बंदूक खांद्यावर घेऊन दारी यायची. सुग्रीव त्यांना आधीच अंगणात अडवायचा. "नळी वर धरा. अन् मला इचारू नका, मला त्यातलं कळत न्हाई. घरात हाय तिला दाखवा."