दहावी ओळ

आमच्या लेस्टरच्या हॉस्पिटलात गुरुवारचं क्लिनिक कधीच वेळेवर संपत नाही, आणि उशीर झाला की माझं डोकं फिरतं. अशाच एका गुरुवारी मी एका क्यूबन म्हाताऱ्याला सांगितलं की कॅन्सर वाढलाय, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. तो गवई होता. त्यानं शांतपणे विचारलं, तोपर्यंत गायलं तर चालेल ना?

तंबाखूच्या शेतावर वाढलेला माणूस. त्यांच्या खेड्यात शेतकऱ्यांची गाणी जागेवर रचून गातात, दोन गवई समोरासमोर, आपल्या कलगीतुऱ्यासारखे. ऐकणाऱ्यानं शेवटची ओळ द्यायची. गाणाऱ्यानं तिथल्या तिथे आधीच्या नऊ रचायच्या आणि बरोबर त्या ओळीवर येऊन थांबायचं. तरुणपणी तो दर रविवारी रेडिओवर गायचा. मग एका गाण्याच्या पथकाबरोबर इकडे इंग्लंडात आला, इथल्याच मुलीशी लग्न करून राहिला, मोज्यांच्या कारखान्यात लागला. शनिवारी हॉटेलात गायचा, पण तिथे लोकांना नाचायची गाणी हवी असत. ओळ द्यायला कुणी नव्हतं, समोर बसून गायलाही कुणी नव्हतं. मशीनवर उभा राहून दोन्ही बाजू तो एकटाच गायचा. बायको गेल्यावर घरातही तेच.

"तुमच्या घरातली एक ओळ द्या, डॉक्टर," तो म्हणाला. "तुमच्या भाषेतली. अर्थ सांगा, पुढचं मी बघतो."

बाहेर अजून सहा पेशंट बसले होते. मी म्हटलं, ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डात येते, नक्की. शब्द देताना आपलं काय जातं?

त्या संध्याकाळी मी गेले नाही. इमर्जन्सी नव्हती, काही नव्हतं. दमले होते, पाऊस भुरभुरत होता. बेलग्रेव्ह रोडच्या देशी बाजारात थांबून मेथीची जुडी घेतली आणि घरी गेले. सकाळी टीम घेऊन वॉर्डात पोचले आणि पेनानं त्याच्या मानेवर खूण करू लागले.

"ओळ?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"नंतर," मी म्हटलं.

जिला तासाभरात त्याचा आवाज कापून काढायचा होता, तीच बाई त्याला नंतर म्हणाली. सवयीनं. दिवसभर आम्ही सगळ्यांना हेच सांगत असतो.

ऑपरेशन उत्तम झालं, हे लिहितानाही लाज वाटते. चौथ्या दिवशी त्याच्या खाटेपाशी खुर्ची ओढून बसले आणि माफी मागितली. त्यानं पाटीवर लिहिलं, "आता द्या."

तेव्हाही मी काही ठरवून गेले नव्हते. तोंडात आली ती आईबरोबरच्या फोनची ओळ. काय काय बिनसलंय ते एकमेकींना सांगून झालं की शेवटी आम्ही दोघी म्हणतो, बाकी सगळं ठीक. मी अर्थ सांगितला. त्यानं खुणेनं ती माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतली.

मग डोळे मिटले. ओठ हलू लागले. श्वासासाठी मानेला केलेल्या भोकातून नुसती हवा येत होती. प्रत्येक ओळीला तो एक बोट मिटत होता. एका ओळीवर थोडा हसला, का ते मला कधीच कळणार नाही. नऊ बोटं मिटली तेव्हा त्यानं डोळे उघडले आणि उरलेलं बोट माझ्याकडे केलं.

मला गाता येत नाही. मी नुसतं म्हटलं. त्या सबंध गाण्यातली वॉर्डात ऐकू आली ती एवढीच ओळ: बाकी सगळं ठीक.